भन्ते नापास झाले

“भन्ते, तुम्ही नापास झालात?”

मेत्तानंदचा आवाज एवढा चढला, की विहाराच्या अंगणात दाणे टिपणारी कबुतरं भुर्रकन उडाली.

“झालो,” भन्ते विमलसार म्हणाले. छत्री मिटून त्यांनी भिंतीला टेकवली आणि पाय धुवायला नळाकडे गेले.

“संगणकाच्या परीक्षेत?”

“दुसरी कुठली दिलीच नाही मी.”

“अहो, त्या परीक्षेत कोणी नापास होत नाही! दहावीतली मुलं हसत-खेळत पास होतात.”

“हो. माझ्या शेजारची दोघंही हसतच होती.”

भन्ते सावकाश पाय धूत राहिले. मे महिन्याचं ऊन अंगणात पेटलं होतं. मेत्तानंदला मात्र घाम फुटला होता तो उन्हाने नाही.

वैनगंगेच्या काठी, तालुक्याच्या गावापासून पायी अर्ध्या तासावर हा विहार. राहणारे दोघंच. भन्ते विमलसार सत्तरीचे, चाळीस वर्षं चीवर अंगावर असलेले. आसपासच्या गावांत भाऊ भावाशी बोलेनासा झाला, घरातलं माणूस गेलं, मुलीचं लग्न मोडलं, की लोक उठून त्यांच्याकडे येत. ते फार बोलत नसत. लोक मात्र हलके होऊन परत जात.

भिक्खू मेत्तानंद चौतिशीचा. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअर होता. चांगली नोकरी, फ्लॅट, गाडी, सगळं सोडून सहा वर्षांपूर्वी भन्तेंच्या पायाशी येऊन बसला. सगळं सुटलं, संगणक तेवढा सुटला नाही. लोकांनी सुटू दिला नाही म्हणा. नागपूरच्या एका संस्थेने विहाराच्या अभ्यासिकेला चार संगणक दिले. अट एकच घातली, की सांभाळणाऱ्याकडे संगणकाचं सर्टिफिकेट हवं. मेत्तानंदकडे तर अख्खी पदवी होती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी अभ्यासिकेबाहेर माणसं उभी. कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कोणाचं परीक्षेचं हॉलतिकीट, कोणाचा सातबारा. “द्या इकडे,” मेत्तानंद म्हणायचा, आणि त्याची बोटं की-बोर्डवर पाण्यासारखी वाहायची. पाच मिनिटांत काम फत्ते. माणसं हात जोडून जायची. ते जोडलेले हात त्याला आवडत. कोणी तसं म्हटलं असतं, तर त्याने ते मान्य केलं नसतं.

मागच्या वर्षी सारनाथहून त्याला बोलावणं आलं. एक म्हातारे आचार्य तिथे निवडक भिक्खूंना पाली शिकवत. तीन वर्षांचा अभ्यास. चीवर घेतलं त्या दिवसापासून मेत्तानंद या बोलावण्याची वाट पाहत होता. पोहोचायचं होतं आषाढी पौर्णिमेच्या आत, कारण पौर्णिमेनंतर वर्षावास लागतो, आणि पावसाळ्याचे ते तीन महिने भिक्खू जागा सोडत नाही.

“कसा जाऊ?” तो म्हणाला होता. “अभ्यासिका कोण सांभाळणार? संगणक परत जातील.” आणि त्याने नकार कळवला.

यंदा बोलावणं पुन्हा आलं. मेत्तानंद पुन्हा तेच म्हणाला.

भन्तेंनी ऐकून घेतलं. दोन दिवसांनी त्यांनी आपली जुनी छत्री झटकली, भर दुपारी तालुक्याचा रस्ता धरला आणि संगणकाच्या क्लासमध्ये नाव घातलं.

…आणि आज नापास होऊन परत आले.

“कशात अडलं, भन्ते?” मेत्तानंदने जरा मऊ आवाजात विचारलं.

“वेळ संपला.”

“एवढा वेळ कशात गेला?”

“एक प्रश्न होता,” भन्ते पायरीवर बसत म्हणाले. “डिलीट केलेली फाईल कुठे जाते?”

“रिसायकल बिन! पर्यायातच दिलेलं असतं, भन्ते.”

“दिलेलं होतं.”

“मग उत्तर येत नव्हतं का?”

“येत होतं. पण प्रश्न चांगला होता.”

मेत्तानंदने कपाळावर हात मारून घेतला.

“उद्या गावभर होईल. लोक म्हणतील, भन्ते नापास झाले.”

“मग खरंच बोलतील.”

“तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“वाटतं ना. पुढच्या महिन्यात पुन्हा बसता येतं म्हणे. बरं वाटतंय.”

शरमेने मेत्तानंदचे कान तापले होते. पण त्या शरमेच्या खाली कुठेतरी एक गारवा होता. भन्ते नापास. म्हणजे जाण्याचा प्रश्न मिटला. म्हणजे आपल्यावाचून इथलं अडतंच…

हा गारवा त्याला जाणवला. त्याने तिकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो भन्तेंच्या मागोमाग क्लासला गेला. क्लास होता एका कृषी केंद्राच्या वर, पत्र्याच्या खोलीत. खालून खताचा वास, कोपऱ्यात घरघरणारा कूलर, दहा संगणक, आणि शिकवायला निखाडे मॅडम. मॅडम म्हणजे तेविशीची मुलगी.

मेत्तानंदने तिला बाजूला घेतलं.

“मी स्वतः इंजिनिअर आहे. भन्तेंचं वय झालंय. मी शेजारी बसून थोडं बघतो त्यांच्याकडे. चालेल ना?”

“बसा ना, भन्तेजी. पण मागच्या खुर्चीवर,” ती म्हणाली. “आणि दुसऱ्याच्या माऊसला हात लावायचा नाही. आमच्या क्लासचा नियम आहे.”

मेत्तानंद समजूतदारपणे हसला आणि मागे जाऊन बसला.

क्लासमधली बहुतेक माणसं वयाने मोठी. कोणाची बढती अडलेली, कोणाची नोकरी नवीन. भन्तेंच्या शेजारी अंगणवाडी सेविका दमयंतीबाई, पन्नाशीच्या. पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी त्यांना सर्टिफिकेट हवं होतं. मेत्तानंद त्यांना चांगला ओळखत होता. तीन वर्षं त्यांचे सगळे ऑनलाईन अर्ज त्यानेच भरले होते.

“आज रजेचा अर्ज लिहायचा,” मॅडम म्हणाल्या. “मराठीत टाईप करा. ज्याच्याकडे रजा मागता, त्याचं नाव वर.”

खोलीत की-बोर्डांचा खडखडाट सुरू झाला. भन्तेंनी हात वर केला.

“मॅडम, मला साहेब नाही. मी कोणाकडे रजा मागू?”

दोघं-चौघं हसले. मेत्तानंदने मान खाली घातली.

निखाडे मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी क्षणभर विचार केला.

“ज्याच्यावाचून तुमचं अडतं, त्याला लिहा.”

भन्तेंनी मान डोलावली आणि लिहायला घेतलं. एक बोट की-बोर्डवर फिरे, थांबे, एखादं अक्षर शोधी आणि हळूच टेके. मेत्तानंद मागून पाहत होता. पडद्यावर ‘प्रति’ मॅडमनी आधीच घालून दिलं होतं. पुढे स्वल्पविराम उमटला. तो पुसला गेला, पुन्हा आला. मग खालच्या ओळीत… ‘मेततानंद’.

आपलंच नाव. तेही चुकलेलं.

पहिल्या त-चा पाय मोडायचा कसा, ते भन्तेंना सापडत नव्हतं. त्यांनी नाव पुसलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा ‘मेततानंद’. पुन्हा पुसलं. शेजारी दमयंतीबाईंचा अर्धा अर्ज झाला. भन्तेंचं आपलं तेच. मेत्तानंदच्या बोटांना मुंग्या आल्या. एका कळीचं काम! एवढं साधं, एवढं…

तो उठला, भन्तेंच्या खांद्यावरून वाकला, आणि दोन बोटांच्या फटक्यात लिहून मोकळा झाला. ‘मेत्तानंद’.

खडखडाट थांबला.

भन्ते पडद्याकडे पाहत राहिले. अक्षरं स्वच्छ होती. पाय मोडलेला त, त्यावर दुसरा त, सगळं जिथल्या तिथे.

मग त्यांनी बोट पुढे केलं, आणि नाव शेवटाकडून पुसायला लागले. द गेला. न गेला. ता गेला… एकेक अक्षर, घाई न करता. ओळ कोरी झाली.

आणि त्यांनी पुन्हा पहिलं अक्षर शोधायला घेतलं.

“भन्तेजी,” निखाडे मॅडम मेत्तानंदला हळूच म्हणाल्या, “तुम्ही मागे बसा.”

तो मागे जाऊन बसला. आपलं नाव कोणीतरी असं पुसताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

परतताना दोघं नदीकाठच्या पायवाटेने निघाले. भन्तेंनी छत्री उघडून दोघांवर धरली.

“भन्ते.”

“हं.”

“मी तुमच्याबरोबर एकाच छपराखाली राहतो. मी संगणकाचा इंजिनिअर आहे. तुम्ही एवढ्या उन्हात त्या मुलीकडे जाता. मला का नाही विचारलंत?”

“विचारलं होतं.”

“कधी?”

भन्ते चालत राहिले. वाळूत त्यांच्या पावलांचा चरचर आवाज तेवढा येत होता.

मेत्तानंदला आठवायला लागलं. हिवाळ्यात एकदा भन्ते अभ्यासिकेत येऊन शेजारच्या खुर्चीवर बसले होते. ‘हे उघडतात कसं?’ त्यांनी विचारलं होतं. तो म्हणाला होता, ‘तुम्ही कशाला त्रास घेता? काय हवं ते सांगा, मी काढून देतो.’ आणि काढून दिलं होतं. नंतर पुन्हा एकदा… ‘मेत्तानंद, अक्षर मोठं करायचं असेल तर?’ त्याने पटकन मोठं करून दिलं होतं. एकदा तर भन्तेंच्या हातातला माऊस त्याने अलगद काढून घेतला होता. फार प्रेमाने.

तो वाटेतच थांबला. सावली पुढे गेली, आणि ऊन त्याच्या मुंडण केलेल्या डोक्यावर आलं.

भन्तेही थांबले. मागे वळले नाहीत. फक्त छत्री धरलेला हात मागे केला.

त्यानंतर भन्ते रोज संध्याकाळी अभ्यासिकेत सरावाला बसू लागले. मेत्तानंद बाहेरच्या माणसांची कामं तशीच हातावेगळी करत राहिला, पण लक्ष सगळं भन्तेंकडे.

एके दिवशी दमयंतीबाई आल्या. बढतीचा अर्ज भरायचा होता. मेत्तानंदने सवयीने हात पुढे केला. तेवढ्यात भन्ते म्हणाले, “या बाई, इकडे बसा. मलाही बघायचंय हा अर्ज कसा भरतात.”

दमयंतीबाई त्यांच्या शेजारी अंग चोरून बसल्या.

“आता काय करायचं, बाई?”

“मले काय ठाव, भन्तेजी? तुमीच सांगा ना.”

“मलाही माहीत नाही. हे निळं दाबून बघा.”

“अन् बिघडलं तं?”

“तर बिघडलेलं कसं दिसतं, ते कळेल.”

बाईंनी डोळे मिटून दाबलं. काही बिघडलं नाही. पान उघडलं. दोघं एकदम पुढे वाकले. मग फोटो लागेना, मग तारीख उलटी पडली, मग सगळं पान गेलं आणि पहिल्यापासून आलं. मेत्तानंद तीन पावलांवर उभा होता. पाच मिनिटांचं काम. त्याने मनगट घट्ट धरून ठेवलं. तासभर लागला. शेवटी ‘अर्ज जमा झाला’ अशी ओळ आली, तेव्हा दमयंतीबाई खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या.

“भरला! म्या भरला, भन्तेजी!”

“तुम्ही भरलात. मी पाहिलं.”

दुसऱ्या दिवशी त्या अंगणवाडीतल्या मदतनीस बाईला घेऊन आल्या. मेत्तानंद पुढे झाला, तर त्यांनी त्याला हातानेच थांबवलं.

“राहू द्या, भन्तेजी. मी दावतो ना तिले.”

मेत्तानंद मागे सरला. तीन वर्षांत दमयंतीबाई कितीदा या दारात आल्या होत्या. त्या खुर्चीवर बसलेलं त्यांना त्याने पहिल्यांदा पाहिलं होतं ते कालच.

पुढच्या आठवड्यात तो काहीच न बोलता स्वतःची खुर्ची संगणकापासून दूर सरकवून बसला. “द्या इकडे” हे शब्द ओठांवर येत. तो ते गिळून म्हणे, “बसा… काय दिसतंय ते वाचा.” लोक कुरकुरले. एक-दोघं रागावून तालुक्याला पैसे देऊन काम करून घ्यायला गेले. बाकीचे बसले.

परीक्षेच्या दिवशी मेत्तानंद भन्तेंबरोबर गेला नाही. त्याने अंगण झाडलं, मग झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. दुपार कलली तेव्हा फाटकाशी छत्री दिसली.

“भन्ते?”

“पास.”

“किती मिळाले?”

“लागतात तेवढे.”

मेत्तानंदने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. आनंद झाला, अगदी मनापासून झाला. आणि आता जावं लागणार, हेही त्याच क्षणी कळलं. तो गारवा आता कुठेच नव्हता.

“पण भन्ते,” तो उठत म्हणाला, “सर्टिफिकेट मिळालं म्हणजे सगळं आलं, असं नसतं. प्रिंटर अडतो.”

“अडेल.”

“नेट जातं. ऐन शेवटच्या तारखेला जातं.”

“जाईल.”

“संगणक कधी सुरूच होत नाही. तेव्हा काय कराल?”

“तू काय करायचास?”

“मी… बंद करून पुन्हा सुरू करायचो.”

“ते मला येतं,” भन्ते म्हणाले.

मेत्तानंदला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्याने चीवराच्या टोकाने चेहरा पुसला.

“म्हणजे माझ्यावाचून अडणार नाही इथं.”

“अडेल ना. रोज अडेल. दमयंतीबाई आहेत, मी आहे. अडलेले दोघं आहोत आम्ही.”

“मग मी थांबतो.”

भन्तेंनी त्याच्याकडे पाहिलं. मग अंगण ओलांडून ते अभ्यासिकेत गेले, आणि दारातून त्याला यायची खूण केली.

त्यांनी संगणक सुरू केला आणि रेल्वेची साईट उघडली. बराच वेळ लागला. मेत्तानंद शेजारच्या स्टुलावर बसला. पडद्यावर वेडीवाकडी अक्षरं आली, ती ओळखून खाली लिहायची होती.

“हे कशाला?” भन्तेंनी विचारलं.

“आपण यंत्र नाही, माणूस आहोत, याची खात्री करून घेतात.”

“बरं करतात.”

पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदाही चुकलं. तिसऱ्यांदा जमलं, तोवर वेळ संपून साईट मूळ पानावर आली. भन्तेंनी चष्मा पुसला आणि पुन्हा सुरुवात केली. खिडकीबाहेर ढगाळून आलं होतं, पौर्णिमा जवळ आली होती. मेत्तानंदचे दोन्ही हात मांडीवर होते. आश्चर्य म्हणजे आज त्यांना मुंग्या येत नव्हत्या. तो भन्तेंचं ते एक बोट पाहत होता. थांबलेलं, शोधणारं, मग ठामपणे टेकणारं. एवढ्या सावकाशीने आपल्यासाठी कोणी काही केल्याचं त्याला आठवेना.

‘कुठून’ या चौकटीत नागपूर आलं. ‘कुठे’ या चौकटीत वाराणसी. सारनाथ तिथून जवळ. तारीख आली, पौर्णिमेच्या चार दिवस आधीची. मग प्रवाशाचं नाव. इथे अक्षरं इंग्रजी होती. भन्तेंनी एकेक अक्षर तोंडाने उच्चारत ते लिहिलं. एकही चूक न होता.

पैशांचा भाग विहार समितीतल्या एका उपासकाने फोनवरून उरकला. पडद्यावरचं चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं… आणि तिकीट आलं. वरची बर्थ.

भन्तेंनी ते छापायला दिलं. प्रिंटर अडला. त्यांनी बंद करून पुन्हा सुरू केला. कागद बाहेर आला, कोमट. तो त्यांनी मेत्तानंदच्या हातात ठेवला.

मेत्तानंद तो पुन्हा पुन्हा वाचत राहिला. गाडी, डबा, वेळ. मग त्याने कागद उलटा करून पाहिला.

“भन्ते,” त्याचा आवाज अगदी लहान झाला होता, “…आणि परतीचं?”

भन्तेंनी संगणक बंद केला. पडदा काळा होईपर्यंत ते थांबले.

“तेवढं मला अजून येत नाही.”